लुगड्यावरची बाळंतीण

दोन वर्षांपूर्वीचा अख्खा उन्हाळा मी एका मांजरीवर जळत होते. तेव्हा हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो हसला असता. सेहेचाळीस वर्षांची, चौथीच्या वर्गाला शिकवणारी बाई मांजरीवर जळते, हे ऐकायलाच कसं तरी वाटतं. पण जळत होते, आणि त्या भरात जे केलं ते अजून मनातून जात नाही.

मांजर माझीच होती, हे आधी सांगते. शाळेत खिचडी शिजवायच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यामागे, ती मला सापडली होती. मुठीएवढी. आई कुठं गेली कुणालाच ठाऊक नव्हतं. डब्याच्या पिशवीत घालून तिला घरी आणलं, कापसाची वात दुधात बुडवून तिच्या तोंडात पिळत आठ-दहा दिवस काढले, तेव्हा कुठं ती जगली. रंगानं भुरी, म्हणून भुरीच म्हणायचे. नवरा बीडला नोकरीला, शनिवारी यायचा. मुलगी लातूरला हॉस्टेलवर. तेलगावच्या त्या घरात आम्ही दोघीच असायचो, मी आणि भुरी. माझ्या स्कूटीचा आवाज तिला गल्लीच्या तोंडापासून कळायचा. मी गेट उघडेपर्यंत ती आतल्या बाजूला शेपूट उभी करून हजर. झोपायची माझ्या पायांशी. दुसऱ्या कुणी उचललं तर अंग आखडून घ्यायची, खाली उतरायची धडपड करायची. शेजारणी म्हणायच्या, ही फक्त तुमचीच आहे बघा. ते ऐकायला मला फार आवडायचं.

त्या वर्षी चौदा एप्रिलची जयंती झाली आणि माझे वडील माझ्याकडं राहायला आले. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलेलं. दादा सिरसाळ्याला माझ्या भावाकडं असायचे, पण भावानं घराचं काम काढलं होतं. जुने पत्रे उतरवून स्लॅब टाकायचा होता. म्हाताऱ्या माणसानं त्या सिमेंट-खडीत कुठं राहायचं, म्हणून भाऊ त्यांना माझ्याकडं सोडून गेला. एक कापडी पिशवी, एक रेक्झिनची मोठी बॅग आणि एक टॉर्च, एवढं सामान.

मला आनंद झाला होता. लग्नानंतर दादा माझ्याकडं दोन दिवसांच्या वर कधी राहिलेच नव्हते.

दादा लाईनमन होते. आमच्या लहानपणी वळवाचं वारं सुटलं की बाकीच्या पोरींचे बाप घराकडं पळत यायचे आणि आमचे दादा घरातून बाहेर पडायचे. कुठं तार तुटलेली, कुठं खांब वाकलेला. परत कधी येतील याचा नेम नसायचा. घरी असले तरी बोलणं बेताचंच. मारलं कधी नाही, रागावलेही फारसे नाहीत. पण जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, असंही काही आठवत नाही. दहावीत मी शाळेत पहिली आले, तेव्हा पेढे घेऊन धावत सुटले होते. दादा मारुतीच्या पाराजवळच्या खांबावर चढलेले. मी खालून ओरडून सांगितलं. ते वरूनच म्हणाले, "तारंखाली थांबू नको, घरला जा." एवढंच. घरी आल्यावर पेढा खाल्ला आणि झोपले.

आता ते माझ्याकडं दोन महिने राहणार होते आणि मला सुट्टी होती. बसू, बोलू, आईच्या आठवणी काढू, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

पहिले चार दिवस त्यांनी मांजरीकडं बघितलंही नाही. उलट म्हणाले, "हिला कावून पाळली? उंदरं तर दिसत न्हाईत घरात." मी सांगितलं, सोबत म्हणून. त्यांनी मान हलवली. मी बाहेरच्या खोलीत त्यांची बाज टाकली होती आणि कूलरही तिथंच लावला होता. दुपारी दारं-खिडक्या लावून खोली अंधारी केली की ती घरातली सगळ्यात थंड जागा व्हायची. पाचव्या-सहाव्या दिवशी भुरी तिथं जाऊन झोपायला लागली. कूलरसाठी जाते, असं मी मनाला सांगितलं.

मग एक दिवस असं झालं. दुपारचं जेवण उरकून मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. बाहेरच्या खोलीतून दादांचा आवाज आला, "काय माय, जेवलीस का?"

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. आमच्याकडं बाप लेकीला लाडानं माय म्हणतो. माझ्या मैत्रिणींचे वडील म्हणायचे. दादांनी मला कधी म्हटलं नव्हतं, आणि जेवलीस का, हेही कधी विचारलं नव्हतं. मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "हो दादा, जेवले आत्ताच."

दादा बाजेवर बसले होते आणि भुरी त्यांच्या मांडीवर. त्यांनी वर बघितलं. मी काय बोलले हे त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "हां," ते म्हणाले, "जेवलीस ना, बरं झालं." आणि खाली बघून तिच्या कानामागं खाजवायला लागले.

मी आत आले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

त्या दिवसापासून माझं सगळं लक्ष त्या दोघांवर. दादा भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून बोटानं मऊ करायचे आणि तिच्यापुढं धरायचे. घरात चार ठिकाणी त्यांनी पाण्याच्या वाट्या ठेवल्या. ऊन चढलं की पोतं भिजवून, पिळून दाराशी अंथरायचे, तिला पोटाखाली गार लागावं म्हणून. आठवडी बाजाराच्या दिवशी मला म्हणाले, मासे मिळाले तर आण. मला वाटलं त्यांना खावेसे वाटतात. धरणावरचे ताजे मासे आणून मी चांगलं कालवण केलं, बाजरीची भाकरी केली. दादांनी कालवणात भाकरी चुरून खाल्ली आणि आपल्या वाटणीचा मासा काटे काढून काढून मांजरीला घातला. कसं झालंय, हे काही बोलले नाहीत.

सगळ्यात जास्त लागायचं ते त्यांचं बोलणं. माझ्याशी बोलायचं म्हटलं की पाणी आलं का, लाईट कधी गेली, जावई शनिवारी येणार का, इतकंच. मी आईचा विषय काढला की हूं करायचे आणि बाहेर खांबाकडं बघत बसायचे. पण मी आत गेले की भुरीशी त्यांचं सुरू व्हायचं. हळू आवाजात, थांबत थांबत, एखाद्या माणसाशी बोलावं तसं. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. एकदा ते तिला सांगत होते, "ती बी अशीच. उन्हाळ्यात बाजेवर न्हाई निजायची. फरशीवर गाल टेकून पडायची. मी म्हनायचो गालावर फरशीची रेघ उठली बघ. तर हसायची."

आई फरशीवर झोपायची हे मला माहीत होतं. तिच्या गालावर रेघ उठायची हे माहीत नव्हतं. दादा तिला असं काही म्हणायचे आणि ती हसायची, हे तर अजिबातच नाही. माझ्या आईची गोष्ट मला न सांगता ते मांजरीला सांगत होते. आणि ती त्यांच्याकडं बघतही नव्हती. पाय चाटत होती.

मला दोन्हीकडून लागत होतं. ज्या मांजरीला मी वातीनं दूध पाजलं, ती आता माझ्या स्कूटीच्या आवाजाला येत नव्हती. आणि ज्या बापाची मी लहानपणापासून वाट बघितली, तो मांजरीला मिळाला होता. यातलं जास्त कशानं दुखत होतं ते सांगता येणार नाही. मी तिला परत ओढायचा प्रयत्न केला. सुकट भाजून घातली, उकडलेलं अंडं कुस्करून दिलं. ती यायची, खायची, तोंड पुसायची आणि सरळ बाहेरच्या खोलीत. मग मी दुष्टपणाही केला. दादांना म्हणाले, मांजरीच्या केसांनी दमा होतो, जवळ घेऊ नका. ते म्हणाले, आता या वयात काय व्हायचं ते होऊ दे. दुपारी ते झोपले की मी मधलं दार लावून घ्यायचे. भुरी दाराशी बसून ओरडायची आणि दादा उठून दार उघडायचे. पंधरा मुलांचं भांडण एका नजरेनं मिटवणारी मी, घरात त्या दाराची कडी लावत बसले होते.

ती गाभण आहे हे माझ्याआधी दादांच्या लक्षात आलं. याचाही मला राग आला.

मेच्या मध्याला एक दिवस भुरी दिसेना. दिवसभर नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मी गच्ची बघितली, शेड बघितलं, शेजारी विचारून आले. दादा मात्र निवांत चहा पीत होते. मी म्हणाले, "दादा, भुरी कुठं गेली काळजी वाटते." त्यांनी बोट ओठावर ठेवलं.

"हळू बोल. बाळंतीन हाय."

बाजेखाली त्यांची ती रेक्झिनची बॅग उघडी होती. आत भुरी आडवी पडलेली आणि तिच्या पोटाला तीन पिल्लं चिकटलेली, ओलसर, डोळे मिटलेली. मी खाली वाकले. पिल्लांखाली हिरवं कापड होतं. लाल काठ ओळखू आला. आईचं इरकल लुगडं.

त्या लुगड्याची मला किती ओढ होती, हे सांगायला पाहिजे. आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तिची लुगडी-पातळं वाटून दिली गेली. वहिनीला दोन, मावशीला एक, असं करत. हे हिरवं इरकल दादांनी स्वतःकडं ठेवलं होतं. मी त्यांच्याकडं मागितलं होतं, गोधडी शिवते म्हणून. म्हणाले होते, "असू दे, मग बघू." मी पुन्हा विचारलं नाही. लेकीनं दोनदा मागायचं नसतं, असं मला वाटायचं. आणि आता ते लुगडं मांजरीच्या बाळंतपणाला अंथरलं होतं.

मी आत जाऊन कणीक मळली. दिवसभर डोळ्यापुढं तो लाल काठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दाढी करायला चौकात गेले. ते वळणापलीकडं गेले आणि मी बॅग बाजेखालून ओढली. भुरी माझ्याकडं बघून बारीक आवाज काढून ओरडली, नेहमी करायची तशी. तिला वाटलं असेल, मी तिचं काही करायला आले. मी पिल्लं एकेक करून पोत्यावर ठेवली आणि तिच्या खालून लुगडं ओढलं. तेव्हा तिनं माझ्या मनगटावर पंजा मारला. तीन ओरखडे उठले. दोन वर्षांत तिनं मला पहिल्यांदा नख लावलं होतं. त्या क्षणी मी तिला तोंडातल्या तोंडात काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

लुगड्याला रक्ताचे डाग पडले होते. मोरीत बसून मी ते साबणानं घासलं, दोनदा धुतलं, गच्चीवरच्या तारेवर वाळत घातलं. नऊ वाजताच गच्ची पायाला पोळत होती. खाली येऊन आंघोळ केली, स्वयंपाकाला लागले. फार हलकं वाटत होतं, हेही खरं.

दादा अकराच्या सुमाराला आले. बाहेरच्या खोलीत बाजेखाली वाकून त्यांनी विचारलं, "पिल्लं कुठं हायत?"

पोतं रिकामं होतं. मी कपडे वाळत घालण्यात, आंघोळीत, स्वयंपाकात असताना भुरीनं तिन्ही पिल्लं उचलून नेली होती. ती जागा आता तिला भरवशाची वाटत नव्हती.

"लुगडं?" दादांनी विचारलं.

"धुतलं. खराब झालं होतं."

त्यांनी टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि बाहेर पडले. मी म्हणाले, जेवून जा, ऊन फार आहे, मांजर आणेल परत. त्यांनी मागं बघितलं नाही. बाहेर नुसती आग होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, सगळी नालीत पोट टेकून पडलेली. मी जेवायला त्यांची वाट बघत बसले. बारा वाजले, एक वाजला. मला अजून रागच होता. माझ्या आजारपणात हा माणूस कधी उन्हात फिरला होता का, असलं काहीतरी मनात चाललं होतं.

दीडच्या पुढं शेजारची मावशी सांगत आली. ती एकटी राहायची, तीन शेळ्या पाळून. म्हणाली, तुमचे दादा पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसलेत, बोलेना झालेत.

मी स्कूटी काढली. दादा भिंतीला टेकून बसले होते. तोंड लाल, ओठ कोरडे, घाम अजिबात नाही. गिरणीवाल्यानं त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं होतं. आम्ही दोघांनी त्यांना मागच्या सीटवर बसवलं. एरवी माझ्या स्कूटीवर दादा मागची कांब धरून बसायचे, माझ्या खांद्याला हात लावायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी डोकं माझ्या पाठीवर टेकलं. ओल्या टॉवेलातूनही ते तापलेलं लागत होतं. दवाखाना जेमतेम पाच मिनिटांवर. ती पाच मिनिटं मी सारखी बोलत होते, दादा, आलंच, दादा, झोपू नका.

डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं, सलाईन लावलं, बर्फाच्या पाण्याची फडकी काखेत ठेवायला लावली. दुसरी बाटली निम्मी संपली तेव्हा दादांनी डोळे नीट उघडले. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "दादा, लुगडं मी मुद्दाम काढलं. डाग पडले म्हणून नाही."

"माहीत हाय," ते म्हणाले.

"मला त्या मांजरीचा राग येतो."

"कावून? तूच तर वाढवली तिला."

"तुम्ही तिच्याशी बोलता. माझ्याशी नाही बोलत."

ते सलाईनच्या नळीतले थेंब बघत राहिले. मला वाटलं, नेहमीसारखं हूं करतील. मग म्हणाले, "ती मुकं जनावर. तिच्याम्होरं काय बी बोललं तरी चुकत न्हाई. तू शाळंतली बाई हायस. तुझ्याम्होरं जीभ आडखळती माझी. त्या दिवसापासून."

कोणत्या दिवसापासून, असं मी विचारणार होते. तोंड उघडलं आणि आठवलं.

मला नुकतीच नोकरी लागली होती. शाळेतल्या दोघी बाया पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आल्या होत्या. दादा त्या दिवशी खुशीत होते. लेकीच्या शाळेतली माणसं घरी आली म्हणून स्वतःहून येऊन बसले आणि वळवाच्या वाऱ्यात तार तुटली तेव्हाची गोष्ट सांगायला लागले. रंगात आले होते. "तवा काय व्हतं, आमी दोगंच व्हतो," असं काहीतरी म्हणाले, आणि मी हसून, सगळ्यांसमोर, म्हणाले होते, "दादा, व्हतं नाही, होतं." त्या बायाही हसल्या. दादांनी गोष्ट तिथंच सोडली आणि बाहेर तार बघायला जातो म्हणून निघून गेले. मी नंतर त्याचा विचारही केला नव्हता. वर्गात दिवसातून वीस वेळा मी हेच करायचे.

लहानपणापासून ते कमीच बोलायचे, हे खरं आहे. सगळं माझ्या त्या एका वाक्यानं झालं, असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी एकदा बोलायला सुरुवात केली होती, आणि मी ती थांबवली होती.

मी त्यांच्या सुई नसलेल्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला. थोड्या वेळानं म्हणाले, "लुगडं तुलाच देनार व्हतो. पर तू म्हनलीस गोधडी शिवते. गोधडी म्हंजी कापायचं आलं. ते कापलेलं मला बघवलं नसतं. म्हनून ठेवलं. मांजर आपसूक बॅगंत शिरली, त्याच्यावर निजली. तिला उठवायचं माझ्या जीवावर आलं."

"मी नाही कापणार," मी म्हणाले. "तसंच ठेवते."

"आता काय," दादा म्हणाले. "धुतलंस. वास बी गेला असंल."

ते मला बोल लावत नव्हते. जे झालं ते सांगत होते. मी उठून बाहेर गेले आणि दवाखान्याच्या नळावर तोंड धुवून आले.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा मावशी गेटवर उभी होती. भुरी तिच्या शेळ्यांच्या कोठ्यात होती. कडब्याच्या पेंढ्यांमागं दोन पिल्लं घेऊन बसलेली. तिसरं तिथं नव्हतं. दादांना बाजेवर निजवून मी शोधायला लागले. आमच्या शेडवरून मावशीच्या कोठ्यावर जायला पत्रेच पत्रे आहेत. भर उन्हात ती त्या तापलेल्या पत्र्यांवरून तीन खेपा करून गेली असणार. तिसरं पिल्लू भिंत आणि पत्रा यांच्या फटीत अडकलं होतं. मी हात घालून काढलं. जिवंत होतं, पण मान टाकली होती. ओल्या फडक्यात घेतलं, वात करून पाणी पाजायला बघितलं. जे हात त्याच्या आईच्या वेळी उपयोगाला आले होते, ते या वेळी आले नाहीत. दिवेलागणीला ते गेलं. दादांनी उठायचा हट्ट केला. मी नको म्हणत असताना ते बाहेर आले, आणि अंगणातल्या लिंबाखाली आम्ही दोघांनी मिळून खड्डा केला. दोघांनाही माहीत होतं, ते कशानं गेलं.

भुरी आठवडाभर कोठ्यातच राहिली. मी रोज सकाळ-संध्याकाळ तिथं दूध घेऊन जायचे. मी वाटी ठेवून मागं सरकले की मगच ती पुढं यायची. दादा आले की त्यांच्या पायांत घुटमळायची. ते मला उभ्यानं बघावं लागायचं. नवव्या दिवशी तिनं पिल्लं एकेक करून परत आणली आणि दादांच्या बाजेखाली ठेवली. या वेळी दादांनी आपलं जुनं धोतर अंथरलं होतं.

त्यानंतर दादा माझ्याशी भडाभडा बोलायला लागले, असं काही झालं नाही. मीच एक दिवस त्यांच्याशी आमच्या घरच्या बोलीत बोलून बघितलं. "दादा, आज लई उकडतंय, कूलरमदी पानी टाकू का?" मी म्हणाले. त्यांनी चमकून बघितलं आणि हसले. "तुला आता ते बी नीट येत न्हाई," ते म्हणाले. खरंच येत नव्हतं. इतकी वर्षं मी ते घासून काढलं होतं. पण ते हसले होते.

आणि एक झालं. दुपारी ते मांजरीशी बोलायला लागले की मी दाराआड उभी न राहता उंबऱ्यावर येऊन बसायला लागले, हातात निवडायची डाळ घेऊन. पहिल्या दिवशी ते थांबले. मी मान वर केली नाही. मग हळूहळू पुन्हा सुरू झाले. बोलायचे भुरीशीच, बघायचे तिच्याकडंच. त्या दोन-तीन आठवड्यांत मला कळलं की आईला पोहता येत होतं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात दादांनी तिला नारायणगडाच्या यात्रेत बांगड्या भरल्या होत्या आणि घरी येताना बैलगाडीत त्यातल्या तीन फुटल्या. मी जन्मले तेव्हा दादा कुठल्या तरी सबस्टेशनला होते आणि निरोप मिळाल्यावर रात्रभर सायकल चालवत आले होते. हे सगळं मी डाळ निवडत ऐकलं. सायकलीचं ऐकताना डाळीतले खडे दिसेनात. मला एकदा तरी त्यांनी माझ्याकडं बघून सांगावं असं वाटायचं. ते झालं नाही.

जूनच्या शेवटी भावाचा फोन आला, स्लॅब झाला, फरशी झाली, दादांना न्यायला येतो. दादांनी सामान आवरलं. मी लुगडं इस्त्री करून, घडी घालून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी घडी नाकाशी नेली. मग माझ्याकडं परत दिली. "ठेव तुला," म्हणाले. आता त्यांना ते नको होतं, म्हणून मला मिळालं होतं. तरी मी घेतलं. कपाटात आहे, कापलेलं नाही.

दोन पिल्लांपैकी भुऱ्या रंगाचं पिल्लू दादांनी मागून घेतलं. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून, आत फडकं घालून, ते मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. मी पाया पडले तेव्हा खोकं सावरत होते. एक हात मोकळा करून माझ्या डोक्यावर ठेवला, पण खोक्यात पिल्लू ओरडलं आणि तो हात लगेच परत गेला.

ते गेल्यावर भुरी तीन दिवस बाहेरच्या खोलीत रिकाम्या बाजेवर बसून होती. चौथ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा गेटपाशी दिसली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण थोडा. दादा नाहीत म्हणून ही माझ्याकडं आली, हे मला कळत होतं.

आता दादा सिरसाळ्याला असतात. पिल्लू मोठं झालं आहे, बोका निघाला. दर रविवारी मी फोन करते. पूर्वी दादा अर्ध्या मिनिटात फोन वहिनीकडं द्यायचे. आता त्या बोक्याचं सांगतात, पाच-सात मिनिटं सांगतात. कुठल्या पत्र्यावरून पडला, कुणाच्या घरी दूध सांडून आला. मी ऐकते. मधे बोलत नाही आणि काहीही दुरुस्त करत नाही.

मागच्या रविवारी फोन वहिनीनं उचलला. दादा विहारात गेले होते. ती वैतागली होती. म्हणाली, तुमचे दादा दिवसभर त्या बोक्याशी बोलत बसतात बघा ताई, आमच्याशी दोन शब्द बोलत नाहीत, मी स्वयंपाकघरात असते तर आईंच्या लग्नातल्या गोष्टी त्याला सांगत असतात. मला ऐकून आधी बरं वाटलं. म्हणजे मी एकटीच नव्हते. पण फोन ठेवल्यावर चहा टाकायला उठले आणि टाकलाच नाही. ओट्याशी नुसती उभी राहिले. वहिनीला वैताग येतो, पण स्वयंपाकघरातून तिला सगळं ऐकू जातं. रोज.